मालवणात खपलेली चूक तीस मीटरवर खपत नाही: बुडालेली जहाजं आणि प्रवाळ बघायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेला गडी पाण्याला भीत नाही, आणि स्कूबात त्याचं अडतं ते नेमकं इथंच. पोहणारा श्वास रोखतो, हात मारतो, जोर लावून पाणी कापतो. पाठीवर टाकी असताना या तिन्ही सवयी नडतात. श्वास रोखून दीड-दोन मीटर वर आलात तरी आतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होऊ शकते. हात मारले की दम लागतो आणि हवा झपाट्यानं संपते. हात पोटाशी धरा, पाय कमरेतून सावकाश हलवा, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. चांगल्या पोहणाऱ्याला हे अंगवळणी पडायला नवख्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मालवण-तारकर्लीत पर्यटक म्हणून मारलेली डुबकी म्हणजे परवाना नव्हे. तिथं टाकीचा कॉलर प्रशिक्षकाच्या हातात असतो. तुम्ही फक्त श्वास घेता आणि फोटोसाठी हात हलवता. ओपन वॉटर कोर्स १८ मीटरपर्यंत नेतो, अ‍ॅडव्हान्स्ड ३० मीटरपर्यंत. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडालं. पोटातल्या मोटारसायकली आणि ट्रकांसह ते आज तीसेक मीटरवर बसलंय. म्हणजे अ‍ॅडव्हान्स्डची हद्द जिथं संपते तिथंच त्याचा तळ. कार्ड मिळाल्या मिळाल्या तिकीट काढण्यापेक्षा आधी मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान असं चढत जावं.

वजनाचा घोळ

सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात. कोर्सचा पहिला भाग स्विमिंग टँकच्या गोड्या पाण्यात होतो आणि तिथं कमरेला बांधलेलं शिशाचं वजन जसंच्या तसं समुद्रात नेलं जातं. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. तुम्ही ८० किलोचे आणि अंगावरचं सामान २५ किलोचं धरलं, तर समुद्रात अडीच किलोच्या आसपास वजन वाढवावं लागतं. मालवणात ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. हिवाळ्यात तांबडा समुद्र २१-२२ अंशांवर येतो, तिथं ५ मिलिमीटरचा लागतो. तो जास्त तरंगतो, म्हणून आणखी एक-दोन किलो.

पण अंदाजानं चार किलो जास्त बांधणं ही त्याहून मोठी चूक. जास्त वजन झाकायला तरंगण्यासाठीच्या जॅकेटात हवा भरावी लागते, आणि ती हवा खोलीप्रमाणे फुगते-आक्रसते. मग खाली जाताना दगड आणि वर येताना फुगा. चाचणी अशी करा: पृष्ठभागावर उभे राहा, जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडला की तुम्ही हळूहळू बुडायला हवं. ही चाचणी भरलेल्या टाकीनं केली असेल तर वर दोन किलो घाला, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीतली हवाच अडीच किलोच्या घरात असते आणि ती संपली की वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या शेवटच्या थांब्यावर तुम्ही वर ढकलले जाता.

पन्नास बारचा गैरसमज

‘पन्नास बार राहिले की निघायचं’ हे वाक्य बहुतेकांनी पाठ केलेलं असतं, आणि ते अर्धवट आहे. बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप. पन्नास बार बोटीवर चढताना शिल्लक हवेत. तळ त्याआधीच सोडायचा.

हिशेब करून बघा. नेहमीच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे २,२०० लिटर हवा. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर ओढणारा माणूस तिथं ८० लिटर ओढतो. आता जोडीदाराची हवा संपली असं धरा. दोघं घाबरलेले, प्रत्येकी ३० लिटरनं ओढणार. एक मिनिट सावरायला, सव्वातीन-साडेतीन मिनिटं मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं वर यायला, तीन मिनिटं ५ मीटरवरच्या थांब्याला. बेरीज हजार लिटरच्या आसपास जाते, म्हणजे ९० बार. म्हणून तीस मीटरवरून ९०-१०० बारलाच निघायचं. मालवणच्या सात-आठ मीटरवर पन्नासचा नियम खपून जातो म्हणून माणसं तोच सगळीकडे लावतात.

नायट्रॉक्सची, म्हणजे जादा ऑक्सिजन घातलेल्या हवेची चूक वेगळी. ३२ टक्क्यांचं मिश्रण ३३ मीटरपर्यंत चालतं. ३६ टक्क्यांची मर्यादा मात्र २८ मीटर. ‘जास्त ऑक्सिजन तितकं चांगलं’ म्हणून ३६ ची टाकी घेऊन थिसलगॉर्मच्या तळाला गेलात तर ऑक्सिजनचाच विषार होऊन पाण्याखाली झटके येऊ शकतात. टाकीतलं प्रमाण मापकावर स्वतः बघा आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला तोच आकडा द्या. दुसऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर सही करू नका.

स्वच्छ पाणीही फसवतं. मालवणात चार-पाच मीटरवरचं दिसलं तरी आपण खूश असतो. तांबड्या समुद्रात वीस मीटर खालचं स्वच्छ दिसतं, ते जवळ वाटतं, आणि बघता बघता दहा मीटर जास्त खाली गेलेलं कळत नाही. खोली दाखवणारं गेज बघत राहणं एवढाच उपाय.

जहाजाच्या आत

खास प्रशिक्षण नसेल तर आत जाऊ नका. प्रशिक्षण असलं तरी बाहेरचा उजेड दिसतोय तिथपर्यंतच, आणि पृष्ठभागापासूनची खोली धरून एकूण अंतर ४० मीटरच्या आत. हवेचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला राखीव.

आतला गाळ फिनच्या, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्याच्या, एका फटकाऱ्यानं उठतो आणि समोरचा हात दिसेनासा होतो. म्हणून पाय वरखाली न मारता बेडकासारखे बाजूला ढकला. नुसते बुडबुडे छताला लागले तरी गंज झडतो. दोरी दाराच्या बाहेर पक्की बांधून आत जा आणि गाळ उठला की दोरीवर बोटांची कडी ठेवून तशीच मागे फिरा. गाळ बसायची वाट बघत थांबू नका, हवा त्याआधी संपेल. टॉर्च दोन हवेत. जुन्या जाळ्यांसाठी दोरा कापायचं कटर हाताला लागेल असं छातीवर लावा, पोटरीला नको.

सायप्रसच्या लार्नाकाजवळ १९८० साली बुडालेली झेनोबिया ही फेरीबोट कुशीवर पडली आहे. तिथं भिंत ही जमीन होते आणि भले भले दिशा चुकतात. ऑस्ट्रेलियातल्या योंगाला या बुडालेल्या जहाजात तर शिरायलाच बंदी आहे. सुरुवात करायची तर बालीतल्या तुलांबेनचं लिबर्टी हे जहाज बरं: किनाऱ्यावरून चालत जाता येतं आणि उथळ भागही भरपूर. तिथली चूक फक्त गोट्यांच्या किनाऱ्यावर फिन घालून चालण्याची. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच फिन चढवा.

प्रवाळावर

लोंबणारं गेज आणि पर्यायी रेग्युलेटर (श्वासाचं जादा तोंड) क्लिपनं अंगाशी अडकवा; प्रवाळ मोडतं ते बहुधा यांनीच. गुडघे टेकू नका, स्टोनफिश आणि स्कॉर्पियनफिश दगडासारखेच दिसतात. तुटकं प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत टाकणं हा आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, किनाऱ्यावर सापडलेलं असलं तरी.

किरकोळ वाटणारे बिघाड

श्वास घेताना हवेच्या गेजचा काटा खाली जाऊन परत येत असेल तर टाकीची व्हॉल्व्ह अर्धवट उघडी आहे. बोटीवर काट्याकडे बघत चार-पाच श्वास घ्या, तिथंच कळतं. जॅकेट आपोआप फुगू लागलं तर बटणाशी झटापट न करता आधी नळी ओढून सोडवा आणि हवा बाहेर काढा.

मास्कमध्ये सारखं पाणी येतं? कोल्हापूरकराच्या बाबतीत पहिला संशय मिशीवर घ्यावा. नाकाखालची एक बारीक पट्टी भादरली की काम होतं. मन होत नसेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. नवा मास्क धुरकटतो तो कारखान्यातल्या थरामुळे, काच आतून टूथपेस्टनं दोन-तीनदा घासा.

कान दुखायच्या आधी मोकळे करायचे, दर अर्ध्या मीटरला. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर खाली संपला तर वर येताना कान अडकतो.

आणि परतीचा घाट

ही चूक खास आपली. दिवसभर दोन-तीन डाइव्ह, मग मासे-भात, आणि संध्याकाळी गाडी थेट घाटानं कोल्हापूरकडे. आंबोली ६९० मीटरवर आहे. अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ नयेत म्हणून असलेला विमानाचा नियम, म्हणजे एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८ तास, सुमारे ६०० मीटरच्या वरच्या कुठल्याही चढाला लागतो, मग तो चाकांवरचा का असेना. पर्यटकांच्या सहा मीटरच्या डुबकीनंतर धोका नगण्य. पण पंधरा-अठरा मीटरच्या दोन डाइव्ह झाल्या असतील तर मुक्काम खाली कोकणातच करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा.

त्या रात्री खांदा किंवा कोपर ठणकलं, अंगाला मुंग्या आल्या, कातडीवर चट्टे उठले, तर ‘टाक्या उचलून अंग दुखतंय’ म्हणून गोळी घेऊन झोपू नका. घाट चढू नका, परत पाण्यात उतरू नका. आडवं व्हा, शंभर टक्के ऑक्सिजन लावायला सांगा, पाणी प्या. डॉक्टरला किती खोल, किती वेळ आणि कितव्या डाइव्हनंतर हे सांगता यावं म्हणून कॉम्प्युटर सोबत न्या.