चालताना ठेच लागते, चप्पल निसटते आणि कारण सापडत नाही, तर निदानापर्यंत कसं पोचायचं

माझ्या बाबांची चप्पल जिन्यात पायातून निसटायची आणि त्यांना ते कळायचंच नाही, मागून कोणीतरी हाक मारून सांगायचं "काका, चप्पल राहिली". आम्ही म्हणायचो पट्टा सैल झालाय, नवीन जोड घ्या. मग कंबरेचा एमआरआय झाला, गुडघ्यांचे एक्स-रे झाले, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी सहा वर्षांनी कळलं की हा नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, घराण्यातून आलेला आजार आहे, शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी. १८८६ साली ज्या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं त्यांची ही नावं. साधारण अडीच हजारात एकाला असतो, म्हणजे तसा फार दुर्मिळही नाही, पण आपल्याकडे कोणाच्या मनातच येत नाही. आमची वर्षं गेली तशी तुमची जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी एक महत्त्वाचं. पायातली ताकद काही तासांत किंवा दिवसांत गेली असेल, अशक्तपणा खालून वर चढत असेल, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा अचानक होणारा आजार) एवढे पेशंट निघाले ते आठवत असेल, तो हा असा झपाट्याने वाढणारा प्रकार. सीएमटी तसा नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो.

आता घरी काय बघायचं. पाय ओले करून कोरड्या फरशीवर उभे राहा आणि ठसा बघा. टाच आणि चवडा उमटला पण मधला भाग अजिबातच नाही, म्हणजे कमान खूप उंच आहे. बोटं वर उचललेली, वाकडी झालीत का? मग भिंतीजवळ किंवा कोणाचा हात धरून नुसत्या टाचांवर चार पावलं चालून बघा, बाबांचे चवडे जमिनीवरून उठतच नव्हते. पोटऱ्या खाली बारीक झाल्यात का, घोटा वारंवार मुरगळतो का, चालताना गुडघा जास्त वर उचलून पाऊल आपटतं का, शर्टाचं बटण लावायला, किल्ली फिरवायला वेळ लागतो का. हे सगळं मोबाईलवर शूट करून ठेवा, समोरून आणि मागून, अनवाणी, कारण डॉक्टरांच्या केबिनमध्ये माणूस चार पावलं अगदी नीट चालून दाखवतो. रोजची जुनी चप्पलही सोबत न्या, ती कुठे झिजलीय ते डॉक्टर बघतात.

मग घराणं. "आपल्यात कोणाला असा आजार होता का" असं विचारलं तर सगळे नाहीच म्हणणार. विचारायचं असं: कोण सारखं ठेचकाळायचं, कोणाला बुटाचा साइज मिळायचा नाही, कोणाला "पोलिओ झाला होता" किंवा "पायावरून वारं गेलं होतं" म्हणायचे. आमच्या आजोबांना संधिवात होता असं घरात सगळे धरून चालले होते, मी आत्याकडून त्यांचा अंगणात बसलेला अनवाणी फोटो मागवला तर पाय डिट्टो बाबांसारखे. एका कागदावर तीन पिढ्यांची नावं मांडा आणि ज्यांना त्रास त्यांच्यापुढे खूण करा. आणि आई-वडील नात्यातले असतील, आत्ते-मामे भावंडांत लग्न झालं असेल, तर न लाजता सांगा, कारण काही प्रकार दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला तरच होतात आणि अशा घरात आई-वडील दोघेही ठणठणीत असू शकतात. घरात कोणालाच नाही म्हणून सीएमटी नाहीच, असंही नसतं, काहींत बदल नव्यानेच होतो.

जायचं न्यूरोलॉजिस्टकडे, शक्यतो जिथे नस-स्नायूंच्या आजारांवर काम चालतं तिथे. मुंबईत केईएम आहे, बंगळूरला निमहान्स. आधी बरे होऊ शकणारे आजार बाजूला काढायचे असतात आणि हा टप्पा कोणालाही गाळू देऊ नका: बी१२ (शाकाहारी घरांत तर हमखास), शुगर, थायरॉइड, दारू, चालू असलेली औषधं. आपल्याकडे कुष्ठरोगही तपासावा लागतो, त्यातही नसा जाड होतात आणि चप्पल निसटते, आणि तो औषधांनी बरा होतो. दुसरा सीआयडीपी, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते, त्यालाही उपचार आहेत.

त्यानंतर एनसीव्ही, म्हणजे नसांना बारीक करंट देऊन वेग मोजतात. त्या दिवशी हातापायाला तेल-क्रीम लावू नका, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि पाय गरम ठेवा! एसी रूममध्ये पाय गार पडले की वेग खोटाच कमी येतो, आम्ही नंबर येईपर्यंत बाबांना मोजे घालून शाल गुंडाळून बसवलं होतं. हाताच्या नसेचा वेग एरवी सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा जास्त असतो, ३८च्या खाली आला तर नसेवरचं आवरण खराब झालंय असं धरतात. सगळ्या नसांत सारखाच मंद असेल तर घराण्याकडे बोट जातं, कुठे मंद कुठे नीट असं असेल तर सीआयडीपीसारख्या आजाराचा संशय वाढतो.

जीन टेस्टमध्ये आमचे पैसे वाया गेले ते इथेच. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार सीएमटी१ए, त्यात पीएमपी२२ नावाचा जीन बिघडलेला नसतो तर त्याची एक कॉपी जास्त असते, आणि ही जादा कॉपी साध्या एक्झोम टेस्टमधून (जी एकदम बहुतेक सगळे जीन वाचते) निसटू शकते. आमचा पहिला महागडा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि घरात सगळे म्हणाले चला सुटलो. म्हणून एनसीव्हीत वेग मंद असेल तर थेट विचारा, "आधी पीएमपी२२ची एमएलपीए करायची का?" एमएलपीए म्हणजे जीनच्या कॉपी मोजणारी टेस्ट, ती एक्झोमपेक्षा बरीच स्वस्त पडते, त्यात नाही सापडलं तर मग मोठी टेस्ट. रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" असा बदल आला तर तो आजार ठरवून मोकळे होऊ नका, आई-वडिलांची, भावंडांची तपासणी करून तो बदल आजारासोबत चालतो का हे बघावं लागतं. जेनेटिक काउन्सेलरशी टेस्टच्या आधी बोला, नंतर नाही. सीएमटी१ए मध्ये प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते, माझ्या भावाला आलाय, मला नाही, आणि ते ऐकल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. त्रास नसलेल्या लहान मुलांची टेस्ट मात्र घाईने करू नका, मोठं झाल्यावर त्यांना ठरवू दे.

निदान झालं की बरं करणारं औषध अजून तरी हातात नाही, पण घोट्याला आधार देणारा एएफओ स्प्लिंट मापाने करून घेतल्यापासून बाबांचं पडणं जवळपास थांबलंय. फिजिओ चालू ठेवा, पाय रोज रात्री तपासा कारण काटा लागलेला कळत नाही, आणि अपंगत्व प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा अर्ज करा, ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती मिळतात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: सीएमटी आहे, विनक्रिस्टीन देण्याआधी न्यूरोलॉजिस्टना विचारा. हे कॅन्सरचं औषध आहे, सीएमटीत त्याने पायातली ताकद एकदम जाऊ शकते, आणि ऐनवेळी ते सांगायला घरातलं कोणी तिथे असेलच असं नाही.