गेटेड घोडा निवडताना या चुका टाळा

कंबर धरते, गुडघे दुखतात, दुडकीत बसवत नाही म्हणून खूप जण गेटेड म्हणजे मऊ चालीच्या घोड्याकडे वळतात आणि ते बरोबरच आहे. दुडकीत तिरके दोन पाय एकदम पडतात, मधे घोडा क्षणभर हवेत असतो आणि तो दणका सरळ आपल्या कमरेत बसतो. गेटेड घोड्याचे पाय एकेक करून पडतात, त्यामुळे उसळीच येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या जातीच्या नावावर घोडा घेणं. टेनेसी वॉकर आहे म्हणजे मऊच असणार, असं नसतं हो! २०१२ मधे डीएमआरटी३ नावाच्या जनुकात (जीनमधे) चालीवर परिणाम करणारा एक बदल सापडला, बऱ्याच गेटेड जातींमधे तो असतो, पण गाडीच्या शर्यतीत पळणाऱ्या स्टँडर्डब्रेडमधेही तोच असतो आणि ते घोडे दुडकीत किंवा पेसमधे, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत पळतात. मारवाडी, काठियावाडीतही रेवाल चाल, म्हणजे त्यांची मऊ चाल, प्रत्येक घोड्यात उतरत नाही.

मी स्वतः एक वॉकर बघितला होता, मालक बसला तेव्हा लोण्यासारखा चालला. मी बसलो, लगाम जरा सैल सोडला आणि दोन मिनिटात एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागला, उंटासारखा. खोगीर डावीउजवीकडे असं हेलकावत होतं की पंधरा मिनिटात दुडकीपेक्षा जास्त पाठ दुखली. मालकाने मान उंच, लगाम ताणून धरून चाल जमवली होती हे तेव्हा लक्षात आलं.

म्हणून आधी कान लावा. घोडा कडक जमिनीवर चालवायला सांगा, डोळे मिटून ऐका. टप टप टप टप, चार सुट्या टापा सारख्या अंतराने आल्या पाहिजेत, टटप... टटप... असं ऐकू आलं की पाय जोडीने पडतायत. पासो फिनो या गेटेड जातीच्या स्पर्धेत तर घोडा मुद्दाम लाकडी फळ्यांवरून नेतात, टापा स्पष्ट ऐकू याव्यात म्हणून. मिसुरी फॉक्सट्रॉटरच्या टापा मात्र तुटक जोडीने येतात, ती त्या जातीची चालच आहे. ऐकून कळत नसेल तर मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा.

मग स्वतः बसा, पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा पाऊण तास. सैल लगामावर, चढावर, उतारावर, बाकी घोड्यांपासून लांब.

उलटी चूकही होते, चांगला घोडा लंगडा समजून सोडून देतात. वॉकर चालताना मान खालीवर हलवतो आणि पेरुव्हियन पासो पुढचे पाय खांद्यातून बाहेर फेकत टाकतो, त्याला टर्मिनो म्हणतात. दोन्ही नॉर्मल. पण दर वेळी एकच पुढचा पाय टेकताना डोकं झटकन वर जात असेल तर तो पाय दुखतोय. पेरुव्हियनचे मागचे घोटे खाली बसल्यासारखे दिसले तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका, या जातीत लिगामेंट झिजण्याचा आजार आढळतो.

रंगावर भाळू नका. रॉकी माउंटन जातीच्या घोड्याचा चॉकलेटी अंग आणि फिकट आयाळीचा रंग सुंदरच, पण तो रंग देणाऱ्या सिल्व्हर जनुकासोबत डोळ्यांचे दोष येऊ शकतात, म्हणून डोळे तपासून घ्या. उंचीवरही जाऊ नका, आइसलँडिक घोडा बुटका दिसतो पण मोठ्या माणसाला आरामात नेतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असलं की झालं.

घोडा घेऊन झालाय आणि चाल बिघडलीये? कडक लगाम घालायची घाई करू नका प्लीज, तोंड दुखलं की घोडा पाठ ताठ करतो आणि चाल अजून बिघडते. आधी खोगीर पाठीला टोचतंय का, दात, खूर, नाल हे बघून घ्या. पेस करत असेल तर भरपूर सावकाश चालवा, मान खाली सोडू द्या, जमिनीवर आडवे दांडे टाकून त्यावरून न्या, हलका चढ घ्या. दुडकीकडे जात असेल तर हलक्या उतारावर, मान थोडी वर ठेवून. आणि चार सुट्या टापा आल्या की लगेच थांबवून शाबासकी द्या, त्या दिवशी पुढे ताणू नका.