शय्याव्रणाविषयीचे संशोधन परिचारिकांच्या हाती कसे द्यावे

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ ही पाटी छोट्या खासगी रुग्णालयावर असते. या लेखात मात्र ‘नर्सिंग होम’ म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची महिनोन्महिने शुश्रूषा करणारी केंद्रे अभिप्रेत आहेत. तेथील परिचारिकांना संशोधन व्यवहारात आणायला शिकवायचे असेल, तर आरंभी एकच प्रश्न निवडावा. सोलापुरात मी शय्याव्रणापासून, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेपासून (बेडसोर), सुरुवात करीन, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, रेक्झिनवर पाठ घामाने भिजून राहते आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

प्रशिक्षणापूर्वी आठवडाभर सध्याची पद्धत नुसती पाहून लिहून ठेवावी : रात्रपाळीत कूस किती वेळा बदलली जाते, कोणाच्या टाचा गादीवर टेकलेल्या असतात, ओले कपडे किती वेळाने बदलतात. ही नोंद कोणाची चूक काढण्यासाठी नाही, हे इनचार्ज सिस्टरनी आधीच सांगावे.

व्याख्यान अर्ध्या तासात आटोपावे. त्याने माहिती वाढते, पण हाताची सवय सहसा बदलत नाही. ती खाटेजवळच बदलते. दोघी-तिघींना घेऊन रुग्णाला कुशीवर वळवावे आणि माकडहाडावरच्या लालसर जागेवर बोट दाबून उचलावे. जागा क्षणभर फिकी न पडता लालच राहिली, तर व्रणाची पहिली पायरी समजावी. परंतु सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. म्हणून प्रत्येकीला हाताच्या मागच्या बाजूने ती जागा आणि शेजारची कातडी आळीपाळीने स्पर्शून पाहायला लावावी. एक जागा अधिक गरम वा थंड, टणक वा भुसभुशीत लागते का, हे बोटांना कळू लागेपर्यंत घाई करू नये. दुखते का, हेही विचारावे. शहराच्या पूर्व भागातली, यंत्रमागावर आयुष्य काढलेली तेलुगू आजी दुखण्याला ‘नोप्पी’ म्हणेल आणि अक्कलकोटकडचे कन्नड आजोबा ‘नोवु’ म्हणतील. हे शब्द ओळखणाऱ्या मावशींना प्रशिक्षणातून वगळणे मला मोठी चूक वाटते, कारण कपडे बदलताना पाठ प्रथम त्यांनाच दिसते.

‘बॅक केअर’ म्हणून स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणे अनेकींनी मनापासून शिकलेले असते. ते सोडायला सांगताना कारणही सांगावे : दाबाने आधीच दुखावलेल्या ऊती चोळण्याने आणखी दुखावतात आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. त्याऐवजी कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडे करणे आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे प्रत्यक्ष करून दाखवावे.

संशोधन जसेच्या तसे उचलू नये, हे शिकवायला एक उदाहरण फार उपयोगी पडते. अमेरिका आणि कॅनडातील 27 शुश्रूषागृहांत 942 रहिवाशांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलल्याने व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सर्व जण उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होते. आपल्या खाटेवर कापसाची दबलेली गादी असेल, तर या निष्कर्षाच्या आधारे चार तासांची मोकळीक घेता येणार नाही. ‘हा अभ्यास कोणावर झाला, कोणत्या गादीवर झाला?’ हा प्रश्न परिचारिकेने आपणहून विचारला, की प्रशिक्षण रुजू लागले असे मी मानतो.

जोखीम मोजण्यासाठी ब्रेडन मापपट्टी वापरावी. तिच्यात सहा बाबी असून एकूण गुण 6 ते 23 असतात. 18 किंवा त्याहून कमी गुण आले की जोखीम धरावी. दाखल करताना आणि नंतर दर आठवड्याला ते केसपेपरवर लिहावेत.

यानंतर दर पंधरा दिवसांनी तीच आधीची नोंद पुन्हा घ्यावी. निष्कर्ष ज्येष्ठ सहकारी सिस्टरने तोंडी सांगावेत, लेखीही द्यावेत, आणि सोबत पुढचे नेमके उद्दिष्ट ठरवावे. असा प्रतिसाद वारंवार दिल्यास अधिक परिणाम होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसले आहे. रात्रपाळीचे आकडे वेगळे मांडावेत. तेथे दोघींवर तीस खाटा असतील, तर कमी पडते ते ज्ञान नव्हे, माणूस. ही गोष्ट त्याच कागदावर लिहून व्यवस्थापनासमोर ठेवावी.