मस्टर बंद होण्याच्या आदल्या रात्री

एक तारखेपासून मस्टर बंद, हजेरी मोबाइलवर, अशी नोटीस गेटवर लागली असेल तर आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर अर्धा तास काढा. पंच आउटचं, म्हणजे सुटताना हजेरी नोंदवायचं, रिमाइंडर नीट लावून ठेवायचंय. पहाटे निगडीच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत त्याचं सेटिंग शोधायला जाल तर फसाल. मी फसलोय.

आधी कागद-पेन, फोन नंतर. तीन वेळा लिहून काढा. शिफ्ट सुटायची वेळ, तुम्ही खरोखर गेटबाहेर पडता ती वेळ, आणि ॲप आपणहून पंच आउट करून टाकतं ती. ही तिसरी बहुतेकांना ठाऊकच नसते. टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी सांभाळणाऱ्यांना, विचारा, तेही व्हॉट्सॲपवर, म्हणजे उत्तर जवळ राहतं. त्याच मेसेजमध्ये हेही विचारा की ऑटो पंच आउट झाल्यावर नोंद कुठली पडते: शिफ्ट सुटायची, ॲपने तोडलं तेव्हाची, की नुसतं ‘मिस पंच’. आठ तासांनी तोडणारं ॲप तुमचा ओव्हरटाइम खातं. पंच आउट विसरलात तर बारा तासांनी तोडणारं न केलेले चार तास लावतं, आणि महिनाअखेरीला खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

सेकंड आणि थर्ड शिफ्टवाल्यांनी आणखी एक विचारायचं. रात्री बारा वाजता तारीख बदलली की ॲप काय करतं? आमच्याकडे एकदा सेकंड शिफ्टला प्रेस मशीनचा हायड्रॉलिक पंप बंद पडला. मी आणि हेल्पर तेलात हात घालून पावणेदोनपर्यंत आत, आणि ॲपने ठीक बाराला दोघांनाही घरी पाठवलं होतं. पावणेदोन तास परत मिळवायला तीन आठवडे अर्ज-विनंत्या चालल्या. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कारखान्यांत १९४८ च्या अधिनियमापासून चालत आलाय, दुकानं-ऑफिसांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही आहे. पण तास नोंदलेच गेले नाहीत, तर दुप्पट कशाची करणार?

आता फोन. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन पाठवायला ॲपला तुमची परवानगी लागते. घाईत दोनदा ‘नको’ दाबलंत की ते पुन्हा विचारत नाही. मग सेटिंग्जमध्ये ॲपच्या पानावर जाऊन चालू करावं लागतं. तिथेच खाली बघा, रिमाइंडर, सूचना, पगारपत्रक अशी वेगवेगळी बटणं असतात, त्यातलं रिमाइंडरचं नेमकं बंद असू शकतं. अँड्रॉइड १४ वर ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ नावाची आणखी एक परवानगी आहे आणि नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲप्सना ती आपोआप मिळत नाही. ती नसेल तर फोन झोपेत असताना साडेतीनचं रिमाइंडर पावणेचारला येऊ शकतं, तोवर तुम्ही बसमध्ये. बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ऑटोस्टार्टचं बटण असेल तर तेही चालू. आणि काम झालं की सगळी ॲप्स सरकवून बंद करायची आपली सवय असते ना, त्यातून हे एक वगळा. काही फोनमध्ये त्याने रिमाइंडरच मरतं. आयफोनवाल्यांनी फोकस मोडमध्ये या ॲपला मुभा द्यावी, बाकी फार काही नाही.

लोकेशनवर चालणारं ऑटो पंच आउट असेल तर ‘ऑल द टाइम’ परवानगी लागते. त्याहून महत्त्वाचं, कंपनीने नकाशावर आवाराभोवती वर्तुळ केवढं आखलंय ते विचारा, त्याबाहेर गेलात की ॲप पंच आउट करतं. गूगल स्वतः किमान १०० ते १५० मीटर त्रिज्या ठेवायला सांगतं. त्याहून लहान असेल तर पत्र्याच्या शेडखाली नाहीतर बेसमेंट पार्किंगमध्ये जीपीएस भरकटतं आणि तुम्ही जागेवर उभे असताना ॲप तुम्हाला बाहेर काढतं. रस्त्यापलीकडे टपरीवर चहाला गेलात तरी तेच.

रिमाइंडर किती वाजता लावायचं यात मात्र सगळेच चुकतात. शिफ्ट साडेतीनला सुटते म्हणून साडेतीनला लावतात. पण शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, फोन न्यायला मनाई, तो लॉकरमध्ये. साडेतीनला लॉकर वाजतो, आपण हात धुतोय. तीन दिवस घड्याळ बघा: साबण लावून, कपडे बदलून, लॉकर उघडेपर्यंत किती मिनिटं जातात? माझी अकरा जातात. म्हणून माझं रिमाइंडर तीन बेचाळीसला, आणि दुसरं ऑटो पंच आउटच्या दहा मिनिटं आधी, ओव्हरटाइमला थांबलो तर त्या दिवसासाठी. दोनच. पाच-पाच लावणाऱ्यांना आठवड्यात ती ऐकू येईनाशी होतात.

वार तपासा. बरीच ॲप्स रविवार सुट्टी धरून बसतात, आणि भोसरी-पिंपरीकडे कितीतरी कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी आठवण येत नाही, आणि गुरुवारी दुपारी तीन बेचाळीसला घरभर वाजतं. त्यावर आमच्या सौंचं जे मत आहे ते इथे लिहीत नाही.

एवढं झालं की रंगीत तालीम घ्या. रिमाइंडर पाच मिनिटांनंतरचं लावा, स्क्रीन बंद करा, फोन कपाटात ठेवा आणि खोलीबाहेर जा. वाजलं तर ठीक. नाही वाजलं तर परत बॅटरीच्या पानावर.

पहिला महिना रोज पंच आउटनंतर स्क्रीनशॉट काढा आणि चुकलेल्या पंचसाठी अर्ज किती तारखेपर्यंत घेतात ते त्याच कागदावर लिहून ठेवा. फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक डब्याच्या पिशवीत टाका. कागदाचा फोटो काढून मूळ कागद लॉकरच्या दाराला आतून चिकटवायला घेऊन जा.