बरणीतून कुंडीत: कटिंगचे पहिले पंधरा दिवस

पाण्याच्या बरणीत छान मुळं फुटलेली कटिंग, म्हणजे झाडाची कापून घेतलेली फांदी, आपण हौसेने मातीत लावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मान टाकते. आपण पाणी घालतो. ती आणखी मलूल होते, आपण आणखी पाणी घालतो. कोलियसच्या सात कटिंग्ज मी अशाच एका आठवड्यात बुडवून मारल्या आहेत. तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

झालं काय होतं, ते उपटून पाहिल्यावर कळलं. पाण्यात वाढलेलं मूळ पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत असतं, आणि जरा वाकवलं की कट्कन मोडतं. त्यावर मूळरोम, म्हणजे मुळावरची ती बारीक लव, फारशी नसते. बरणीत तिची गरजच पडत नाही, कारण पाणी चहूबाजूंनी असतंच. मातीत मात्र पाणी कणांना चिकटून बसलेलं असतं आणि ते ओढून घ्यायला ही लव लागते. मातीला सरावलेली मुळं फुटायला एक-दोन आठवडे जातात. तोवर वरची पानं मात्र नेहमीसारखं पाणी उडवत राहतात. आवक कमी आणि खर्च तेवढाच, म्हणून मान पडते. अशा वेळी माती चिखल केली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. खर्च कमी करणं आपल्या हातात आहे, तेवढं करायचं.

त्यासाठी आधी वेळ साधा. मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली की कटिंग बाहेर काढा. बरणीत मुळांचं जाळं झालेलं दिसायला सुंदर दिसतं, पण ते मातीत नेताना निम्मं मोडतं. बरणीतच रोज चमचाभर माती टाकत जायची युक्ती मीही करून पाहिली. नुसता गाळ झाला. मी तरी पुन्हा करणार नाही.

कुंडी लहानच घ्या, आठ-दहा सेंटिमीटरची, खाली भोक असलेली. मोठ्या कुंडीतली माती ओलीच राहते, कारण ते पाणी प्यायला मुळं असतातच कुठे? मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग परलाइट (हलके पांढरे खडे) आणि पाव भाग चाळलेली माती घेते. खत अजिबात नाही. माती आधीच ओली करून घ्या. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये.

मग पेन्सिलीने रुंद खड्डा करा. कटिंग एका हाताने अधांतरी धरा, मुळं सुटी लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताने चमच्याने कडेकडेने माती सोडा. अंगठ्याने दाबायचा मोह आवरा, मुळं तिथेच तुटतात. कुंडी दोनदा टेबलावर हलकेच आपटली की माती आपोआप बसते. एकदा खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. कळ्या असतील तर खुडा. जास्वंदीसारखी मोठी पानं असतील तर अर्धी कापा, वाईट वाटलं तरी.

आता पानांचा पाण्याचा खर्च कमी करायला वरून पारदर्शक पिशवी. कुंडीत दोन काड्या खोचून त्यावर ती तंबूसारखी घाला, पानांना चिकटू देऊ नका. कुंडी भरपूर उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको, पिशवीत झाड उकडून निघतं. रोज सकाळी दहा मिनिटं पिशवी काढून हवा द्या. पाचव्या दिवसापासून हा वेळ वाढवत न्या. बाराव्या दिवसाच्या सुमारास पिशवी काढूनच टाका. जेडसारख्या मांसल पानांच्या झाडांना मात्र पिशवी घालू नका, ती कुजतात.

पाण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा माती पूर्ण सुकू द्यायची नाही, पण बोट दोन सेंटिमीटर आत घालून ओल लागली तर पाण्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे खरी अडचण नवऱ्याची. येता-जाता, "अगं, पाणी घाल की त्याला, बघवत नाही!" मी त्याच्या हातात कुंडी दिली आणि म्हटलं, "जड लागतेय ना? मग ते तहानेलं नाही." आता तो तांब्या उचलण्याआधी कुंडी उचलून बघतो.

दुपारी मलूल आणि सकाळी ताठ, असं चाललं असेल तर काळजी नको. खालचं एखादं पान पिवळं पडून गळेल, तेही चालतं. पण सकाळीही मान खालीच असेल आणि बुंधा मऊ, काळपट लागत असेल तर मुळं कुजली आहेत. वरचा चांगला भाग कापून पुन्हा बरणीत घाला.

शेंड्याला नवं पान उलगडलं की कटिंग रुजली. ऊन लागणारं झाड असेल तर त्यानंतर रोज थोडं थोडं कोवळं ऊन दाखवा. खत महिन्याभराने, तेही सांगितलेल्याच्या निम्म्या मात्रेत.