दुपारी लेकरं घरात कशी रमवायची? चार धाटं आणि मूठभर चिंचोके आणा

मे महिन्यात आमच्या लातूरकडं अकरानंतर लेकरू बाहेर सोडायची सोयच नाही, त्यात लाईट गेली की कूलर बंद, मोबाईलची बॅटरी संपलेली, मग घरात जे भांडण सुरू होतं ते काय सांगायचं.

माझा उपाय कडबा. हसू नका. ज्वारीची चार-पाच वाळलेली धाटं आणा, गावात गंजी असतीच, शहरात असाल तर ज्याच्याकडं म्हैस आहे त्या दूधवाल्याला मागा. मालदांडी ज्वारीचा असला तर भारी, धाट उंच असतं, पेरं (दोन गाठींमधला भाग) लांब निघतात. पाला काढा, ओला हात फिरवून जरा वेळ ठेवा, नाहीतर साल तडकती (रानात पेंढ्या पहाटे दहिवरातच, म्हणजे दवातच, बांधतात ना, तेच कारण).

गाठी काढून टाका आणि पेरं कापून घ्या. वरची साल लांब पट्ट्यांत सोला आणि आतलं पांढरं मऊ भेंड वेगळं ठेवा. सालीची कड ब्लेडसारखी असती, माझं बोट दोनदा कापलंय, म्हणून सोलायचं काम मोठ्यानंच करायचं. पुढचं सगळं लेकरांचं. भेंडाचे तुकडे म्हणजे सांधे, सालीच्या काड्या म्हणजे खिळे, खुपसलं की बसलं, फेविकॉल लागत नाही.

पहिल्यांदा चष्मा करू द्या, सोपाय. दोन पट्ट्या गोल वाकवून टोकं भेंडात खुपसायची, मधी एक काडी, बाजूला दोन दांड्या. तो जमला की बैलगाडी. भेंडाचे दोन लांब तुकडे म्हणजे बैल, त्याला चार काड्यांचे पाय, दोन वाकड्या काड्यांची शिंगं, मानेवर आडवी काडी म्हणजे जू. चाकाला पट्टीचं कडं करा. चाक वाकडंच होणार, बैल तीन पायांवर पडणार, पडू द्या! आपण हातात घेऊन नीट करून दिलं की दहा मिनिटात खेळ संपला म्हणून समजा, माझ्या पोरानं एका चाकावर अख्खी दुपार काढली.

दुसरा खेळ चल्लस आठ, नाव गावोगाव बदलतं. शहाबादी फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखा, चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि एकदम मधी फुल्ली. दोन चिंचोके फोडले की चार डाळी, एका अंगानं पांढऱ्या, एका अंगानं तपकिरी, ह्याच कवड्या. जितक्या पांढऱ्या वर तितकं दान, चारी तपकिरी पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की परत टाकायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, बटणं चालतील, आपल्या फुल्लीपासून निघून बाहेरची सोळा घरं घड्याळाच्या उलट, मग आतली आठ सुलट, शेवटी मधलं घर. फुल्लीवर सोंगटी मरत नाही, आणि एक तरी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. दुसरीतलं लेकरू बेरीज करायलंय हे त्याला कळतपण नाही.

तीन वर्षाखालचं कुणी असेल तर चिंचोके लांब, ते सरळ तोंडात घालतंय. त्याला कणकेचा गोळा द्या, ज्वारीचं पीठ नको, त्याला चिकटपणा नसतो, बैलाचे पाय लगेच गळतात.

आणि आजीला खेळायला घेतलं तर चिंचोके वाटीत घालून टाकायला लावा. हातानं टाकू दिलं की तिला आठच पडायलेत, कसं काय ते आम्हाला अजून कळलं नाही.