३५० चा ३८३ करताना पार्ट कोणत्या क्रमाने निवडायचे

शेवरलेचा स्मॉल ब्लॉक ३५० (३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन) घेऊन त्याचा ३८३ स्ट्रोकर, म्हणजे स्ट्रोक वाढवून मोठं केलेलं इंजिन, करायचा म्हटलं की जो तो आधी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) शोधायला लागतो. मी पण पहिल्या वेळी तेच केलं होतं. पण टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, इंजिन हवा स्वतःच ओढणार, मग हेडमधून (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा म्हणजे पोर्ट असतात) जेवढी हवा जाईल तेवढीच ताकद मिळणार, त्यामुळे आधी हेड, मग कॉम्प्रेशन, मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि खालचं सगळं, म्हणजे क्रँक-रॉड-पिस्टन, त्यानंतर.

३८३ म्हणजे नक्की काय ते पटकन सांगतो. ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ३.४८ इंच. १९७० ते १९८० मध्ये जो स्मॉल ब्लॉक ४०० यायचा त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच. ३५० चा बोअर ३० थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तीसपट, मोठा करून त्यात ३.७५ चा स्ट्रोक टाकला की झाले ३८३ क्युबिक इंच, आपल्या हिशोबात ६.२७ लिटर. पूर्वी लोक ४०० चाच क्रँक घेऊन त्याचे मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर टेकून फिरतो ते भाग) २.६५ वरून २.४५ इंचावर घासून घ्यायचे, आता तयार मिळतो.

हेड. ३५० चे जुने हेड ३८३ वर लावले तर खालून टॉर्क मस्त येतो पण साडेचार हजारानंतर गाडी दमते. रस्त्यावरच्या गाडीला १८० ते १९५ सीसी इनटेक पोर्टचे ॲल्युमिनियम हेड घ्या, त्याहून मोठे पोर्ट दिसायला भारी वाटतात पण सिग्नलवरून निघताना त्याचा त्रासच होतो. बजेट कमी असेल तर १९९६ नंतरचे व्होर्टेक हेड (शेवरलेचेच लोखंडी हेड) खरंच चांगले, फक्त त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो (८ बोल्टचा, जुना १२ चा बसत नाही) आणि स्प्रिंग-रिटेनरचं काम न करता साधारण ४६० थाऊच्या वर लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) देऊ नका.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो रेशो, इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसाच कारण ३५० वर चाललेले पिस्टन-हेड ३८३ वर तसेच चालत नाहीत. एका सिलिंडरचे होतात ७८४ सीसी. समजा हेडचं चेंबर ६४ सीसी, गॅस्केट ३९ थाऊची म्हणजे साधारण ८.४ सीसी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) बरोबरीत आणि वर सपाट, व्हॉल्व्हच्या खाचांचे ५ सीसी धरले, तर रेशो येतो ११.१, पंपाच्या पेट्रोलवर हे माझ्या मते जास्तच. तेच १२ सीसी डिशचा (वर खोलगट) पिस्टन घेतला की १०.३ वर येतो, ॲल्युमिनियम हेडला हे अगदी बरोबर. लोखंडी हेड असतील तर साडेनऊच्या आसपास थांबा. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, अमेरिकेतल्या पंपावरचं ९१ आणि आपल्या पंपावरचं ९१ एक नाही हं, मोजायची पद्धत वेगळी आहे, तिकडचं ९१ म्हणजे आपलं जवळपास ९५. रेशो कमी करायला जाड गॅस्केट टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, पिस्टन आणि हेडमधली फट ४० थाऊच्या आसपासच हवी, फट वाढली की रेशो कमी होऊनही नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढू शकतं.

कॅमचं एवढंच की ३५० ला जो कॅम रागीट वाटतो तो ३८३ मध्ये शांत होतो. ५० थाऊ लिफ्टवर मोजलेलं २२० ते २३० अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते), हायड्रॉलिक रोलर (कॅमवर चाक फिरणारे लिफ्टर), रोजच्या गाडीला पुरे. फ्लॅट टॅपेट (कॅमवर सपाट घासणारे लिफ्टर) स्वस्त पडतो पण ब्रेक-इन (सुरुवातीला कॅम-लिफ्टर एकमेकांशी जुळवून घेणं) आणि झिंकवालं ऑइल सांभाळावं लागतं, मी तरी आता रोलरच घेतो. कार्ब्युरेटरसाठी ३८३ गुणिले ६००० आरपीएम भागिले ३४५६, उत्तर ६६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), म्हणजे ७५० चा पुष्कळ झाला, खाली ड्युअल प्लेन (दोन मजल्यांच्या वाटांचा) मॅनिफोल्ड.

मग खालचा भाग. सहा हजार आरपीएमच्या आत आणि चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरला कास्ट स्टील (ओतीव) क्रँक आणि हायपरयुटेक्टिक पिस्टन (जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचे ओतीव) चालतात, फोर्ज्डचे (ठोकून घडवलेल्याचे) पैसे वाचवून हेडमध्ये घाला. रॉड ५.७ की ६ इंच यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला रस्त्यावर फरक जाणवलेला नाही, फक्त पिस्टन त्या रॉडचाच हवा: ५.७ ला कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची) १.४२५ इंच, ६ ला १.१२५. रिअर सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) नीट बघा, १९८५ पर्यंतच्या ब्लॉकला दोन तुकड्यांचा, १९८६ पासून एक तुकड्याचा, क्रँक त्याप्रमाणेच. आणि बॅलन्स! मला एका दुकानातून क्रँक-रॉड-पिस्टनचा सेट आला, पावतीवर इंटरनल बॅलन्स (तोल क्रँकवरच साधलेला) लिहिलेलं, मशीन शॉपमध्ये बॅलन्सरवर चढवल्यावर कळलं की तो एक्स्टर्नल, म्हणजे त्याला ४०० चा वजनवाला डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकाची चकती) आणि फ्लेक्सप्लेट (मागच्या टोकाची) लागणार. तसाच बसवला असता तर बेअरिंगची वाट लागली असती. म्हणून सेट कुठूनही घ्या, पिस्टन-रॉड-रिंग-डँपर सगळं एकत्र नेऊन बॅलन्स करून घ्याच.

पैसे देऊन झाले तरी रिंगा लगेच चढवू नका. आधी कॅम आणि टायमिंग चेन लावा, एक पिस्टन-रॉड बिनरिंगचा टाका आणि क्रँक हाताने हळू फिरवा. रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथे ऑइल पॅन बसतो तिथे, टेकतो का बघा, बारीक टक्‌ असा आवाज येतो आणि हाताला अडकल्यासारखं लागतं. तिथे मार्करने खूण करून थोडं-थोडं घासा, तिकडे वॉटर जॅकेट जवळ असतं, जोर केला तर ब्लॉक गेला. तसंच वर रॉडचा बोल्ट आणि कॅमचा लोब यांच्यात ६० थाऊचा फीलर गेज जायला हवा, नाही गेला तर छोट्या बेस सर्कलचा (लोबचा गोल भाग लहान असलेला) कॅम मागवा. हे आठही रॉडला करायचं, प्रत्येकी पूर्ण दोन फेऱ्या, कारण क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. घासून झालं की ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने धुवा, ऑइलच्या वाटा लांब ब्रशने घासा, हवा मारा आणि बोअरला लगेच तेल लावा, चहाला गेलात तर येईपर्यंत गंज धरलेला असतो.